आगगाडीची वेळ आणि ज्ञातीचा मेळ

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी सहजच मूळ स्थानाकडे, मूळ पुरुषाकडे आणि जुन्या सनदांकडे वळते. आपले पूर्वज कोठून आले, कोणत्या राजाच्या पदरी होते, कुलदैवत कोणते, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. त्या थोर विषयांना हात घालण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही आज वाचकांचे लक्ष एका अगदी नित्याच्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या ज्ञातीतील क्वचितच एखादे घर तिच्यावाचून राहिले असेल. तथापि आपल्या एकाही वंशावळीत तिचा उल्लेख सापडणार नाही. ती गोष्ट म्हणजे विरारची गाडी.

कोणाची मुलगी कोणत्या गावी पडली, कोणाचा मुलगा कोठे नोकरीस लागला, कोणती शाखा दुरावली आणि कोणती जवळ आली, यांची कारणे शोधू गेल्यास पत्रिकांपेक्षा वेळापत्रकच अधिक वेळा पुढे येते, असे आम्हांस अनेक घरांच्या हकीकती ऐकल्यावर वाटू लागले आहे. तेच येथे क्रमाने मांडतो.

गाडी येण्यापूर्वी

आपली गावे वसईच्या खाडीपासून डहाणूच्या खाडीपर्यंत किनाऱ्याला बिलगून वसलेली आहेत. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर व जंगल, आणि मध्ये वैतरणेसारख्या नद्यांनी व लहानमोठ्या खाड्यांनी तोडलेली भूमी. मुंबईस जावयाचे ते मचव्याने किंवा पडावाने. वाडीतील केळी, भाजी आणि विड्याची पाने बंदरावर न्यावयाची, भरतीची वाट पाहावयाची, आणि वारा अनुकूल असेल तेव्हा माल मुंबईच्या बाजारी पोहोचावयाचा. आषाढात समुद्र खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरे बंद. खुष्कीने जाणाऱ्यास बैलगाडी, आणि प्रत्येक खाडीवर तरीची प्रतीक्षा.

अशा काळात सोयरिकी जवळच्या गावांतच होत, यात नवल नाही. ज्या गावाहून सकाळी निघून दिवे लागण्याच्या आत परत येता येईल तेवढाच मुलुख बहुधा आपला सोयऱ्याधायऱ्यांचा मुलुख असे. मुलगी दूर दिली तर पावसाळ्याचे चार महिने तिची वार्ताही कळत नसे. त्यामुळे वसईकडील घरे व डहाणूकडील घरे परस्परांस एकाच ज्ञातीची म्हणून ओळखत असली, तरी त्यांची पंगत क्वचितच एकत्र बसे. एकाच वृक्षाच्या दोन फांद्यांनी एकमेकींस फक्त वाऱ्याच्या आवाजाने ओळखावे, तशी ती ओळख होती.

सकाळची एक गाडी, संध्याकाळची एक गाडी

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. तो मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा. आपल्या गावांशी संबंध आला तो बॉम्बे, बरोडा ॲन्ड सेंट्रल इंडिया या दुसऱ्या कंपनीचा. या कंपनीने आपला रस्ता गुजरातच्या बाजूने बांधीत आणला. त्यामुळे मुंबईच्या उंबरठ्यावर असूनही आपल्या भागास आगगाडी दक्षिणेकडून न येता उत्तरेकडून आली. १८६४ साली हा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. वैतरणेवर व वसईच्या खाडीवर पूल झाले, आणि ज्या पाण्याने शतकानुशतके गावे तोडून ठेवली होती त्या पाण्यावरून माणसे बसल्या जागी पार होऊ लागली.

परंतु दूरची गाडी येणे निराळे आणि नित्य जाण्यायेण्याची सोय होणे निराळे. ती दुसरी गोष्ट १२ एप्रिल १८६७ रोजी घडली. त्या दिवसापासून विरार ते मुंबईचे बॅकबे अशी एक गाडी दररोज धावू लागली. सकाळी पावणेसात वाजता ती विरारहून निघे आणि सायंकाळी साडेपाच वाजता बॅकबेहून परत फिरे. त्या वेळच्या स्टेशनांची नावे आज वाचताना गंमत वाटते. नालासोपाऱ्यास नीला, वसईस बसीन, बोरिवलीस बोरेवला, गोरेगावास पहाडी, अंधेरीस अंदारू अशी ती नावे होती. खाडीतील पाणजू बेटावरही त्या काळी गाडी थांबे.

दिवसातून एक गाडी जाण्याची आणि एक येण्याची! आजच्या वाचकास हे थट्टेचे वाटेल. पण तिच्या वेळा पाहिल्या म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. सकाळी घरी न्याहारी करून निघालेला मनुष्य दिवसाचे काम उरकून रात्री पुन्हा घरी जेवावयास येऊ शकत होता. विरारच्या माणसाच्या बाबतीत असे पूर्वी कधीही शक्य नव्हते. मुंबईत काम करणे म्हणजे मुंबईत राहणे, हे समीकरण त्या एका गाडीने मोडले. १९०० सालापर्यंत या उपनगरी मार्गावर दोन्ही दिशांना प्रत्येकी ४५ गाड्या धावू लागल्या होत्या, यावरून ही सोय लोकांच्या अंगवळणी किती लवकर पडली ते दिसते.

घड्याळाची दीक्षा

आगगाडीने आणलेला पहिला बदल प्रवासाचा नव्हता, तो वेळेचा होता. आपल्या वाडवडिलांची वेळ भरती-ओहोटीने, रहाटाच्या पाळीने आणि देवळातल्या आरतीने मोजली जाई. गाडीस यांपैकी कशाचीही पर्वा नव्हती. त्यात आणखी घोटाळा असा की त्या काळी रेल्वेचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले, आणि ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. पुढे १९०६ साली सबंध देशाची प्रमाणवेळ ठरली. तरीही मुंबई शहरात जुनी स्थानिक वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, १९५५ पर्यंत तग धरून होती. ‘रेल्वेची वेळ की गावची वेळ?’ हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी उगाच नव्हता. गाडी चुकली की दिवस चुकला, हे त्यांनी अनुभवानेच शिकून घेतले.

मुहूर्तावरही याचा परिणाम झाला. शास्त्रीबुवांनी गोरज मुहूर्त काढला तरी वऱ्हाडाच्या परतीची गाडी कोणती, हे प्रथम पाहिले जाऊ लागले. पंचांगाच्या शेजारी भिंतीवर रेल्वेचे वेळापत्रक लटकू लागले. नोकरदारांची संख्या वाढली तशी लग्ने, बारशी आणि घरभरण्या रविवारकडे सरकल्या. आपल्या ज्ञातीत रविवारला जे माहात्म्य आले आहे ते कोणत्याही धर्मग्रंथातून आलेले नाही.

स्टेशनाचे अंतर

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्या भागातील स्टेशनांच्या नावांपुढे ‘रोड’ हा शब्द फार येतो: वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड. याचा अर्थ असा की स्टेशन गावात नाही, गावास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रूळ किनाऱ्यापासून आत, कोरड्या व सपाट जमिनीवरून गेले. गावे मात्र पूर्वीप्रमाणे समुद्राकाठी राहिली. चिंचणी-तारापूरच्या मंडळींना बोईसर गाठावे लागे, केळवे-माहीमच्या मंडळींना केळवे रोड किंवा पालघर.

स्टेशन ते घर हे जे दोन-तीन कोसांचे अंतर, त्यात आपल्या समाजाचा पुष्कळसा इतिहास साठलेला आहे. ज्याचे घर स्टेशनाजवळ, त्याची मुले शहरातील शाळेत गेली. ज्याचे घर बंदराजवळ, त्यास पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन बैलगाडी जुंपावी लागे. पूर्वी बंदराकाठचे घर श्रीमंतीचे व मानाचे होते, कारण माल तेथूनच चढत असे. आगगाडीने ही प्रतिष्ठा उचलून स्टेशनाकडे नेली. बंदरावरील वखारी ओस पडल्या, आणि ज्या माळरानावर गुरे चरत तेथे स्टेशनाची पेठ उभी राहिली. आपल्या कित्येक कुटुंबांतील वाटण्या या सुमारास झाल्या, आणि ‘स्टेशनाकडचे’ व ‘गावातले’ असा भेद एकाच आडनावाच्या घरांत पडला. तो पुष्कळ ठिकाणी अजूनही बोलण्यात येतो.

मालाच्या बाबतीत मात्र गाडीने उघड कल्याणच केले. विड्याच्या पानाचे आयुष्य थोडे. वाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहिलेला पानमळा आणि पार्सलच्या डब्यावर अवलंबून राहिलेला पानमळा, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. करंड्या भिजवून, पाने थरावर थर रचून स्टेशनावर नेली की ती पार उत्तर हिंदुस्थानच्या बाजारपेठांपर्यंत जाऊ लागली. केळी, भाजी, फुले, दूध आणि कोळी भगिनींची मासळी यांनी पहाटेच्या गाड्या भरू लागल्या. आपल्यापैकी आज जे डॉक्टर, वकील, प्राध्यापक म्हणून मिरवतात त्यांनी एकदा आठवून पाहावे की त्यांच्या आजोबांच्या शिक्षणाची फी कोणत्या करंडीतून आली होती.

प्लेगचे साल

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. शहर सोडून लोक हजारोंनी बाहेर पडले. त्या वेळी नोकरीधंद्यानिमित्त मुंबईत बिऱ्हाड केलेली आपली कुटुंबेही मिळेल त्या गाडीने गावी परतली. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई. अंगात ताप दिसला तर माणसास बाजूस काढीत. गावातही सगळीकडे स्वागत झाले असे नाही. रोग घेऊन आलेत या भीतीने भावाने भावास वाडीच्या टोकाशी झोपडी बांधून ठेवल्याच्या गोष्टी जुन्या घरांतून सांगितल्या जातात. त्याच घरांतून हेही सांगितले जाते की झोपडीच्या दारात रोज सकाळ-संध्याकाळ भाताचे ताट ठेवले जाई, आणि ते ठेवणारी वहिनी दुरूनच हाक मारून विचारपूस करी.

या आपत्तीतून एक धडा ज्ञातीने घेतला. शहरातील बिऱ्हाड हे केव्हाही सोडावे लागेल असे घर आहे, आणि गावचे घर हे परतण्याचे घर आहे, ही भावना त्या काळात पक्की झाली. गावच्या घरास कुलूप लावू नये, निदान एका भावाने तरी तेथे दिवा लावावा, हा पुढे दोन पिढ्या पाळला गेलेला दंडक आम्हांस त्याच अनुभवाचे फळ वाटतो.

विजेची गाडी

१९२५ साली मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ती व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. आपल्या मार्गावर कुलाबा ते बोरिवली हा टप्पा ५ जानेवारी १९२८ रोजी विजेवर आला, आणि १९३६ साली वीज विरारला पोहोचली. धूर गेला, वेग आला, गाड्यांची संख्या वाढली. मासिक व त्रैमासिक पास काढून रोज जाणेयेणे हा सामान्य नोकरदाराचा जीवनक्रम झाला.

या पासाचे आपल्या कुटुंबव्यवस्थेवर जे उपकार आहेत ते मान्य केले पाहिजेत. मुलगा मुंबईत कारकून झाला तरी वाडी सुटली नाही. आईबाप, भावंडे, सून, नातवंडे एकाच छपराखाली राहिली. सणावारास सर्व घर एकत्र जेवू शकले. एकत्र कुटुंब इतरत्र मोडत असताना वसई-विरारच्या आपल्या आळ्यांतून ते आणखी काही काळ टिकले, याचे मोठे श्रेय या गाडीस आहे.

पण या नाण्यास दुसरी बाजूही होती. पहाटे मुले झोपलेली असता बाप घर सोडी आणि रात्री मुले झोपल्यावर परत येई. ‘आमचे बाबा रविवारी घरी येतात’ असे म्हणणारे मूल दररोज त्याच घरात झोपत असे, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. कुटुंब एका छपराखाली होते, परंतु एका वेळी जागे नव्हते.

पासधारक हा त्या काळी गावाचा टपालवालाही होता. कोणाचे औषध आणावयाचे, कोणाच्या आजारी नातलगास इस्पितळात डबा पोहोचवावयाचा, कोणाचा निरोप दादरच्या पुलावर उभ्या असलेल्या मेहुण्यास सांगावयाचा, अशी दहा कामे त्याच्या माथी असत. मृत्यूची वार्ताही बहुधा त्याच्याच तोंडून जाई. सकाळच्या गाडीने निरोप गेला की दुपारच्या गाडीने आप्त येत. समाचारास येणाऱ्यांची गर्दी कोणत्या गाडीने उतरेल हे घरच्या बायकांना पाठ असे, आणि त्या बेताने चहाचे आधण चुलीवर चढे.

विरारच्या अलीकडचे आणि पलीकडचे

आता आम्ही अशा मुद्द्यावर येतो की जो लिहिताना लेखणी थोडी अडखळते.

विजेची गाडी विरारला थांबली. १९३६ पासून पुढे ७७ वर्षे उपनगरी लोकलची हद्द विरारच राहिली. विरारच्या पलीकडे, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात, मोजक्या पॅसेंजर गाड्या आणि शटल यांवर भागवावे लागे. एक गाडी गेली की दुसरीची कित्येक तास वाट. एका बाजूस दर काही मिनिटांनी येणारी लोकल आणि दुसऱ्या बाजूस दिवसाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या, अशी ही रेषा आपल्या ज्ञातीच्या बरोबर मध्यातून गेली.

रेल्वेने काढलेली ही रेषा आपण स्वतः मनात गिरवली. ‘पलीकडे मुलगी देणे’ हे शब्द एखाद्या परमुलखाविषयी बोलावे तसे बोलले जाऊ लागले. अलीकडच्या मुलास शिकवणी, महाविद्यालय, नोकरी सर्व हाताशी. पलीकडच्या मुलास त्यासाठी मुंबईत नातलगाच्या ओट्यावर पथारी पसरावी लागे. ज्ञातीच्या सभा कोठे भरत? शहरात. केव्हा? कचेरी सुटल्यावर. संध्याकाळी सहाला सुरू होणाऱ्या सभेस पालघर-डहाणूचा सभासद आला तर त्याने परतावे कसे? तो एक तर अर्ध्यातून उठे किंवा मुळी येतच नसे. आणि मग कार्यकारिणीच्या निवडणुकीनंतर ‘पलीकडच्या बांधवांना समाजकार्याची आवड नाही’ असे म्हणावयास आपण मोकळे.

वस्तुतः त्यांना आवड नव्हती असे नाही, त्यांना गाडी नव्हती. आम्हांस आठवते, एका वार्षिक सभेत डहाणूकडील एक वृद्ध सभासद, हिशेबाच्या प्रश्नावर बोलावयास उभे राहिले असता, घड्याळाकडे पाहून वाक्य अर्धे टाकून निघून गेले. सभेत थोडा हशा पिकला. त्या हशात आम्हीही सामील होतो. पुढे कित्येक वर्षांनी आम्हांस त्यांच्या गावी जाण्याचा प्रसंग आला. पावसाळ्याच्या दिवसांत परतीची शटल चुकून स्टेशनाच्या बाकावर चार तास काढावे लागले, तेव्हा तो हशा आमच्या कानात पुन्हा वाजला. ते सद्गृहस्थ तोवर निवर्तले होते. त्यांची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. या लेखाच्या निमित्ताने ती येथे मागतो.

डब्यातील शेजार

ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे काहींस रुचणार नाही, परंतु इतिहास लिहावयाचा तर तो पुरा लिहिला पाहिजे. आगगाडीने आपली ज्ञाती जशी जवळ आणली तशीच तिने ज्ञातीची कुंपणेही मोडली. आरंभीच्या काळात स्टेशनांवर पिण्याचे पाणी देखील निरनिराळ्या धर्मांच्या लोकांस निरनिराळे मिळे. आपले कित्येक पूर्वज प्रवासात अन्नपाणी न घेता घरी येऊन स्नान करीत आणि मगच जेवत, असे सांगतात. पण रोज जाणाऱ्या माणसाने रोज किती स्नाने करावी? तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण कोणास लागून बसला हे विचारण्यास जागाच नव्हती. जे काम सुधारकांच्या व्याख्यानांनी शहाण्यांच्या मनात केले ते काम गर्दीने सर्वांच्या अंगवळणी पाडले.

पुढे त्या बाकावर एक निराळेच गोत जन्मास आले. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. त्यात वसईचे ख्रिस्ती बांधव, आगरी, कोळी, गुजराती व्यापारी, मुसलमान कारागीर, दलित बांधव, सारेच. कोणी भजन म्हणे, कोणी पत्ते खेळे, दसऱ्याच्या आधी डब्यास तोरणे लागत व पेढे वाटले जात. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले की डब्यात वर्गणी जमे. कोणी दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणूस जाई. चौथ्या जागेवर अर्धवट टेकलेल्या परक्या माणसास आपली जागा अर्ध्या वाटेत देण्याचा रिवाज कोणत्याही सभेने ठराव करून घातलेला नाही.

११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम मार्गावरील गाड्यांत सात स्फोट झाले. त्या रात्री आपल्या घराघरांतून माणसे स्टेशनांवर व इस्पितळांतून धावत होती. जखमींस उचलणाऱ्या हातांनी त्यांची जात विचारली नाही, आणि उचलले गेलेल्यांनीही ती सांगितली नाही. आपल्या ज्ञातीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे आम्हांस वाटते. ज्ञातीचे बंधन हे माणसास माणसाजवळ आणण्यापुरतेच पवित्र आहे.

भगिनींची वाटचाल

स्त्रियांच्या बाबतीत गाडीने केलेला पालट सर्वांत मोठा म्हणावा लागेल. आपल्या आज्या गाडीत बसत त्या माहेरी जाण्यासाठी, जत्रेसाठी किंवा बाळंतपणासाठी, आणि तेही पुरुषाच्या सोबतीने. त्यांच्या मुली शाळा-महाविद्यालयासाठी बसू लागल्या, नाती नोकरीसाठी. १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र गाडी सुरू झाली. महिलांच्या डब्यात भाजी निवडून, हळदीकुंकू करून, परीक्षेचा अभ्यास करून आपल्या भगिनींनी जो संसार आणि जी नोकरी सांभाळली तिचे मोजमाप अद्याप कोणी केलेले नाही. अनेक विवाह वधूवर मेळाव्यात न ठरता त्याच डब्यात ठरले. ‘आमच्या गाडीला एक मुलगी असते’ या वाक्याने सुरू झालेल्या सोयरिकी आपल्या घरोघर आहेत.

जेव्हा गाडी थांबली

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या. जी गाडी धावत असता आपण तिची फक्त निंदा करीत होतो, ती थांबल्यावर आपले गोत कशावर टिकून होते ते उघड झाले. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी, ऑक्टोबरात स्त्रियांसाठी ठरावीक वेळात, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी मर्यादित वेळात गाड्या सुरू झाल्या. मध्यंतरी पुन्हा निर्बंध आले. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांस १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा प्रवासाची मुभा मिळाली.

त्या दीड वर्षात आपल्यातील किती वृद्ध गेले आणि त्यांच्या खांद्याला किती थोडे हात लागले, हे सांगावयास नको. दहाव्यास चार माणसेही जमली नाहीत अशी घरे आहेत. दूरध्वनीवर शोक व्यक्त झाला, पण ओट्यावर येऊन मुकाट्याने बसणारा मनुष्य दूरध्वनीतून येत नाही. समाचारास जाणे ही आपण रूढी समजत होतो. ती गरज आहे, हे गाडी थांबल्यावर समजले.

पुढे काय

१६ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे पहिल्या आगगाडीस बरोबर १६० वर्षे झाली त्या दिवशी, उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरचा हा पल्ला. त्यापूर्वी २००७ साली बोरिवली-विरार मार्ग चौपदरी झाला होता, आणि विरार-डहाणू चौपदरीकरणास २०१६ साली मंजुरी मिळाली. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. शहरातील जागांच्या किमतींमुळे अलीकडची कित्येक तरुण कुटुंबे आता पलीकडे घरे घेऊ लागली आहेत. ज्या दिशेस मुलगी देताना आपण नाक मुरडीत होतो त्या दिशेस आपलीच मुले बिऱ्हाड घेऊन निघाली आहेत. काळ असा हळूच हिशेब पुरा करतो.

रेल्वेची रेषा पुसली गेली आहे. आपल्या मनातील रेषा पुसली गेली आहे काय? डहाणूच्या गाड्या अद्याप थोड्याच आहेत, आणि आपल्या सभा अजूनही शहरात, संध्याकाळीच भरतात. यास्तव ज्ञातिबंधू-भगिनींपुढे आमच्या नम्र सूचना आहेत. वार्षिक सभा एक वर्ष विरारच्या अलीकडे व एक वर्ष पलीकडे भरवावी. सभेच्या निमंत्रणपत्रिकेवर वेळ छापण्यापूर्वी डहाणूच्या परतीच्या गाडीची वेळ पाहावी. ज्या घरी दुःखाचा प्रसंग असेल तेथे, गाडी गैरसोयीची असली तरी, प्रत्येक विभागातून निदान एकाने जावेच. आणि सभेत कोणी घड्याळाकडे पाहून उठला, तर हसण्याऐवजी त्याचे राहिलेले वाक्य लिहून घ्यावे व पुढील सभेत प्रथम त्यालाच बोलू द्यावे.

आपले पूर्वज वाऱ्याची व भरतीची वाट पाहत होते, आपण इंडिकेटरकडे पाहतो. वाट पाहणे कोणासही चुकलेले नाही. एकमेकांसाठी वाट पाहण्याची तयारी आहे तोवर ही ज्ञाती नांदती राहील, एवढे बोलून आम्ही वाचकांचा निरोप घेतो. पुढील वर्षीच्या सभेस सर्वांनी सहकुटुंब यावे. आणि ती पलीकडे भरली, तर शहरातील मंडळींनी परतीच्या गाडीची चिंता न करता मुक्कामासच यावे. तेथील घरे अजून मोठी आहेत, आणि ओटे रिकामे आहेत.